आमची वाटचाल : स्वेटरची आतली बाजू

बाळाचा स्वेटर विणून आला की आम्ही तो आधी उलटा करतो. बाहेरून दाणे, वेण्या, चौकडी अशी क्रोशाची उठावदार नक्षी कितीही देखणी उठली असली तरी बाळाच्या अंगाला लागते ती आतली बाजू. बेळगावात शहापूरला आमचं छोटं काम चालतं. आजवर लोकर निवडताना, दर ठरवताना, एखादं गिऱ्हाईक सोडून देतानाही आम्ही याच बाजूचा विचार केला आहे.

सुरुवात सासूबाईंची. गल्लीत कुणाकडे बारसं असलं की शेजारणी लोकर आणून द्यायच्या आणि सासूबाई कुंची, टोपडं, मोजे विणून द्यायच्या. पैशांचा विषय नसायचा. मी लग्न होऊन आले तेव्हा मला क्रोशातले साखळी आणि साधा खांब हे दोन टाके एवढंच येत होतं, बाकी सगळं त्यांच्या शेजारी बसून शिकले. पुढे ओळखीच्या ओळखीतून मागण्या वाढल्या आणि त्यांच्याच सांगण्यावरून मी पैसे घ्यायला लागले.

आमच्या भागात स्वेटरचे हंगाम दोन. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटर उंचीवर आहे, त्यामुळे दिवाळीनंतरची थंडी आहेच. पण खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे आषाढ-श्रावणातल्या झडीतही तान्ह्या बाळाला उबदार कपडा लागतो. बाजारात लुधियानाचा मशीनवरचा माल भरपूर येतो आणि किमतीत आम्ही त्याला गाठू शकत नाही. दोन सुयांच्या विणकामासारखं काम मशीन करतं. क्रोशाचं मात्र अजून हातालाच जमतं, आणि उठावाचं काम तर त्यात फार खुलतं. म्हणून दोन सुया बाजूला ठेवून आम्ही पूर्णपणे क्रोशाकडे वळलो.

उठाव येतो कसा, हे गिऱ्हाइकं नेहमी विचारतात. साध्या खांबात सुई खालच्या खांबाच्या डोक्यातून जाते. उठावाच्या खांबात ती खालच्या खांबाच्या अंगाभोवती फिरवून टाका घ्यायचा. पुढून फिरवली की खांब पुढे येतो, मागून फिरवली की मागे जातो. सुलट ओळीत पुढून आणि उलट ओळीत मागून घेत गेलं की सगळा उठाव बाहेर राहतो आणि आतली बाजू त्यामानाने सपाट. चौकडीत मात्र पुढचे-मागचे खांब आलटून-पालटून येतात, त्यामुळे ती आतूनही तितकीच उंचसखल होते. म्हणून चौकडी आम्ही तान्ह्यांसाठी करत नाही. झबल्यावरून स्वेटर घालणाऱ्या, चालत्या-फिरत्या मुलांसाठीच ठेवतो. लोकरीचे लांब वेढे घेऊन केलेले फुगीर टाके तर तान्ह्यांच्या कपड्यातून बंदच केले आहेत, त्या वेढ्यांत बाळाची इवलीशी बोटं अडकतात. दाणे हवेच असतील तर ते पुढच्या भागावर, पाठीवर एकही नाही. बाळ दिवसभर पाठीवर झोपतं, त्याला ते रुततात.

उठावाला लोकर जास्त लागते आणि कापड रुंदीला आक्रसतं. चार मिलिमीटरच्या सुईवर साध्या खांबांचा तुकडा जेवढा रुंद येतो, तेवढ्याच टाक्यांचा उठावाचा तुकडा त्याहून अरुंद भरतो. त्यामुळे नव्या नमुन्याचा तुकडा आधी विणायचा, धुवायचा, पसरून वाळवायचा आणि मगच मोजायचा, हा आमच्याकडे नियम आहे. घाईच्या दिवसांतही तो मोडत नाही.

गळ्याच्या बाबतीत मी फार काटेकोर आहे. बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं, म्हणून स्वेटर एक तर पुढून उघडा किंवा खांद्यावर बटणं असलेला. गळ्याला नाडी, गोंडा काही नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी. बटण मागे आधाराचं छोटं बटण ठेवून घट्ट शिवायचं आणि मी स्वतः ओढून बघायचं. रांगतं मूल पहिलं बटणच तोंडात घालतं.

काम वाढलं तेव्हा वडगाव आणि खासबागच्या बायका जोडल्या गेल्या. बहुतेक साडी विणणाऱ्या घरांतल्या, मागावर सुताचा ताण ओळखायची हाताला सवय असलेल्या. क्रोशात ताण सारखा राहणं हेच तर निम्मं काम. कुणी मराठी वाचतात, कुणी कन्नड, म्हणून नमुना शब्दांत न लिहिता मी खुणांच्या तक्त्यात काढून देते. साखळीला लांबट गोल, खांबाला आडवी रेघ असलेली उभी काडी, पुढून-मागून फिरवायच्या खांबाला खाली आकडी. तक्ता मध्ये ठेवला की दोन्ही भाषांत चर्चा सुरू होते आणि काम पुढे सरकतं. लोकर वजन करून देतो, स्वेटर आणि उरलेली लोकर वजन करून घेतो. मजुरी मापावर न देता नमुन्यावर देतो. सहा महिन्यांच्या बाळाचा वेण्यांचा स्वेटर दोन वर्षांच्या मुलाच्या साध्या स्वेटरपेक्षा जास्त वेळ खातो, आणि तो वेळ बाईचा असतो. यातल्याच एका अक्कांनी एकदा नव्या लोकरीचा तुकडा गळ्याला लावून बघितला आणि म्हणाल्या, ‘‘ताई, हे टोचतंय की.’’ तेव्हापासून नवी लोकर आली की सगळ्या जणी ती गालाला, गळ्याला लावून बघतात. एकीनं नको म्हटलं तरी ती लोकर परत जाते.

बाजारातल्या एका दुकानदाराने मोठी मागणी दिली होती, पण कडक, स्वस्त लोकर वापरून किंमत उतरवा म्हणाला. आम्ही नाही म्हटलं. त्या हिवाळ्यात हात आखडता घ्यावा लागला, पण बायकांची मजुरी कापली नाही.

लॉकडाऊनमध्ये दुकानं बंद झाली आणि व्हॉट्सॲपवर मागण्या यायला लागल्या. फोटो पाठवताना आम्ही स्वेटर उलटा करूनही एक फोटो पाठवतो. निपाणीपर्यंत माल पाठवला तर तो जिल्ह्यातच राहतो, पुढे कागलला गेला की राज्य बदलतं. कोल्हापूरला आमची अर्धी सोयरीक, रस्ता जेमतेम शंभर-सव्वाशे किलोमीटर, पण बिल परराज्याचं. म्हणून जीएसटी नोंदणी लवकरच करून घेतली. आता कोल्हापूर, पुणे, गोवा सगळीकडे निर्धास्त पाठवतो.

प्रत्येक स्वेटरला तो कसा वाळवायचा हे सांगणारी मराठी आणि कन्नडमध्ये चिठ्ठी असते. आपल्याकडे पावसाळ्यात शेगडीवर बुट्टी पालथी घालून बाळाचे कपडे वाळवतात. ॲक्रिलिक लोकरीला ती आच सोसत नाही. कापड ढिलं पडतं, पुन्हा आकारात येत नाही, निखारा जवळ असला तर वितळतंही. इस्त्रीही नको. पावसाळ्यासाठी आम्ही सुती धाग्याचे स्वेटर करतो. ते वाळायला वेळ घेतात, म्हणून दोन घ्या असं स्पष्ट सांगतो.

मागणी देताना बाळाचं नुसतं वय कळवू नका. छातीचा घेर मोजून सांगा आणि स्वेटर कोणत्या महिन्यात घालणार तेही. एका वर्षाच्या बाळाचा घेर साधारण 45-46 सेंटीमीटर असतो, त्यात आम्ही पाच सेंटीमीटर सैल धरतो आणि बाह्या दुमडता येतील एवढ्या लांब ठेवतो. गळ्यापासून खाली विणलेला स्वेटर पुढच्या वर्षी तोकडा झाला तर परत आणा. आम्ही प्रत्येक लॉटची थोडी लोकर शिल्लक ठेवतो, त्यातून खालचा घेर आणि बाह्या वाढवून देतो. त्याची फक्त मजुरी घेतो.