बंद केलेला पोर्ट आणि झाकलेला पोर्ट

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात माझं ऑनलाइन फॉर्म आन् झेरॉक्सचं दुकान आहे. कॉम्प्युटर जुना, त्यावर लिनक्स मिंट. पीक विम्याच्या दिवसांत लोकांचे आधार, पासबुकं, सातबारे सगळे त्यात स्कॅन होऊन पडतात, आणि दुकानाच्या वायफायवर अर्ध्या गावाचे मोबाईल. म्हणून कोणते पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरून कॉम्प्युटरमध्ये शिरायची नंबरवाली दारं, उघडे आहेत ते एकदा बघायचं ठरवलं.

टर्मिनलमध्ये 'सुडो एसएस -टीयूएलपीएन' (sudo ss -tulpn) दिलं, म्हणजे कोणता प्रोग्राम कोणत्या पोर्टवर ऐकतो ते दिसतं. यादी लांबलचक येते, पण १२७ ने सुरू होणारे पत्ते सोडून द्यायचे. ते कॉम्प्युटरच्या आतल्या आतच चालतात, तिथं बाहेरचं कोणी पोचत नाही. ०.०.०.० किंवा चौकटी कंसात नुसते दोन कोलन [::] दिसले की ती ओळ वाचायची, ते पोर्ट नेटवर्ककडून येणाऱ्या सगळ्यांसाठी ऐकत असतात.

१३९ आणि ४४५ वर सांबा, म्हणजे नेटवर्कवर फोल्डर वाटणारा प्रोग्राम. जुन्या दुसऱ्या कॉम्प्युटरशी फोल्डर वाटायला टाकला होता. तो कॉम्प्युटर केव्हाचाच विकला. यूडीपी (नेटवर्कवर माहिती पाठवायची एक पद्धत, दुसरी टीसीपी) ६३१ वर कप्स-ब्राउज्ड, म्हणजे नेटवर्कवरचे प्रिंटर शोधणारा. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यातली गंभीर त्रुटी जाहीर झाली होती. दुकानातला पोरगा म्हणे, "भाऊ, हे बंद केलं तं प्रिंट निघन का?" निघते. आमचा प्रिंटर यूएसबीचा, त्याला कप्स (लिनक्सचा प्रिंट करणारा प्रोग्राम) लागतं, ब्राउज्ड नाही.

'सिस्टिमसीटीएल डिसेबल --नाऊ' (systemctl disable --now) ने सांबा आणि ब्राउज्ड दोन्ही गेले. १११ चा आरपीसीबाइंड (नेटवर्कवरच्या काही जुन्या सेवांना पोर्ट सांगणारा) मात्र हटेना. सेवा थांबवली तरी पोर्ट तसाच. कारण तो सिस्टिमडीनं, म्हणजे लिनक्समधल्या सेवा सुरू-बंद करणाऱ्या प्रोग्रामनं, स्वतः धरून ठेवलेला असतो. कोणी दार वाजवलं की सेवा परत उठते. आरपीसीबाइंड डॉट सॉकेट (rpcbind.socket, सिस्टिमडीचं ते धरून ठेवणं) वेगळं बंद केल्यावर ओळ गेली. इथंच बरेच जण फसत असतील.

मग लॅपटॉपवरून एनमॅप, म्हणजे बाहेरून पोर्ट तपासणारा प्रोग्राम, चालवलं, तेही फायरवॉल लावायच्या आधी. आधी फायरवॉल लावली तर बाहेरून सगळं शांत दिसतं आणि आत सांबा ऐकतच बसलेला असतो. स्कॅनमध्ये फक्त २२ (एसएसएच, म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरवरून इथं लॉगिन करायचा) उघडा आला. तो मला लॅपटॉपवरून लागतो, म्हणून राउटरमध्ये लॅपटॉपचा आयपी पक्का केला, यूएफडब्ल्यूमध्ये (लिनक्सची फायरवॉल) तेवढ्याच पत्त्याला २२ ची परवानगी दिली आणि बाकी आत येणारं सगळं नाकारलं.

एनमॅप एरवी यूडीपी बघत नाही, त्यासाठी परत एसएसच. त्यात ५३५३ वर अवाही, म्हणजे नेटवर्कवरची उपकरणं आपोआप शोधणारा, दिसतो. त्याचाही सॉकेट वेगळा आहे. तेवढं लाईन आल्यावर.