माग असलेलं सोनं

दर मे महिन्यात कान चित्रपट महोत्सवाचे फोटो मोबाइलवर फिरायला लागले की मला हा प्रश्न येतोच. "ते रेड कार्पेटवाले म्हणतात तसं, कुठल्या खाणीतून आलं ते सांगता येईल असं सोनं तुम्ही वापरता का?" (कान म्हणजे फ्रान्समधलं गाव. दागिन्यांच्या धंद्यात हा खुलासा करावा लागतो.) इतक्या जणांनी विचारलंत म्हणून एकदाच लिहून टाकते. एकदा वापरलं, आणि त्याची माती केली.

आम्ही सांगली जिल्ह्यातल्या विट्याकडचे. तिथली घरंच्या घरं गलाईच्या धंद्यात देशभर पांगली आहेत. माझे वडील कोइमतूरला. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करणं. मोडीत आलेला डाग, म्हणजे दागिना, वितळवायचा, त्यात तिपटीच्या आसपास चांदी मिसळायची, पातळ पत्रा करून नायट्रिक ॲसिडमध्ये उकळायचा. चांदी-तांबं विरघळून जातं, तळाला तपकिरीसारखी पूड उरते. ती धुऊन पुन्हा मुशीत, म्हणजे सोनं वितळवायच्या भांड्यात, घातली की पिवळंधमक सोनं. लहानपणी मला ही जादू वाटायची. एका मुशीत कुणाच्या पाटल्या, कुणाची मोडलेली साखळी, कुणाची गहाण बुडालेली अंगठी. बाहेर येताना एकच लगड. तिच्याकडे बघून मागचं काहीही सांगता येत नाही. तुमचा प्रश्न नेमका इथे अडतो.

जिनिव्हाची शोपार कंपनी 1998 पासून महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार, पाल्म दोर, घडवते. 2013 मध्ये त्यांनी जबाबदारीने मिळवलेल्या सोन्याचे 'ग्रीन कार्पेट' दागिने आणले आणि 2014 चा पाल्म दोर 'फेअरमाइन्ड' प्रमाणपत्र असलेल्या सोन्यात केला. हे प्रमाणपत्र लहान खाणकामगारांच्या संघटनांसाठी आहे. जगात खाणीतून निघणाऱ्या सोन्यातला साधारण पाचवा हिस्सा असे हातावर पोट असलेले लोक काढतात. दगड दळायचा, त्यात पारा कालवायचा, पारा सोन्याला धरून ठेवतो, मग तो गोळा विस्तवावर धरून पारा उडवायचा. बऱ्याचदा चुलीवर, पोरं शेजारी. पाऱ्याच्या प्रदूषणाचं जगातलं सगळ्यांत मोठं कारण हेच आहे. हे प्रमाणपत्र असलेल्या खाणकामगारांच्या संघटनेला सोन्याच्या भावाशिवाय ग्रॅममागे 4 डॉलर जादा मिळतात. पारा किंवा सायनाइड न वापरता काढलं तर 6.

मी सोनाराच्या सवयीने हिशेब केला. पाल्म दोरला 118 ग्रॅम 18 कॅरट सोनं लागतं, म्हणजे शुद्ध साडेअठ्ठ्याऐंशी ग्रॅम. चारच्या दराने जेमतेम साडेतीनशे डॉलर. त्या रेड कार्पेटवरच्या एका झग्याच्या इस्त्रीला याहून जास्त लागत असतील. दोन तोळ्यांच्या आपल्या हारालासुद्धा हा भार घडणावळीपुढे काहीच नाही. तेव्हा महाग पडतं म्हणून कुणी करत नाही, ही सबब माझ्याजवळ सांगू नका.

अवघड आहे ते वेगळं ठेवणं. डेअरीत घातलेलं दूध आठवा. तुम्ही दहा लिटर घातलं, दहा लिटर न्याल, पण तुमच्याच म्हशीचं नेणार नाही. सोन्यातही हा 'हिशेबापुरता' मार्ग आहे, आणि फेअरमाइन्डवाले त्याला वेगळं नाव देतात हा त्यांचा प्रामाणिकपणा. शोपारने जुलै 2018 पासून सगळं सोनं 'नैतिक' वापरायचं जाहीर केलं, त्यातही दोन वाटा आहेत: लहान खाणींतलं ताजं सोनं, आणि प्रमाणित रिफायनऱ्यांकडून येणारं. दुसऱ्या वाटेत पुनर्वापराचं सोनंही बसतं. हे मी बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "मग मी चाळीस वर्षं काय करत होतो?" बरोबर आहे त्यांचं. जुनं सोनं गाळणं चांगलंच, पण त्याने पाऱ्याच्या धुरात बसलेल्या माणसाच्या हाती काही पडत नाही. आणि माग तर मुशीतच संपतो.

आपल्याकडे लोक हॉलमार्क दाखवतात. 1 एप्रिल 2023 पासून सहा अक्षरी-आकडी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळखक्रमांक, असल्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. हॉलमार्क देणाऱ्या सरकारी संस्थेच्या बीआयएस केअर ॲपमध्ये तो घाला, सराफ कोण, तपासणी कुठे झाली, शुद्धता किती, सगळं दिसतं. जरूर बघा. पण तो माग दुकानापासून सुरू होतो, खाणीपासून नाही.

आता माझी फजिती. एका बाईंना चित्रपट महोत्सवाला जायचं होतं, त्यांच्यासाठी मी कोलंबियातल्या खाणीचं, कागदपत्रांसकट आलेलं सोनं मिळवून झुमके करायला घेतले. मूस नवी, कारागिराला दहादा बजावलेलं. काम देखणं झालं. घ्यायला गेले तेव्हा सहज विचारलं, झाळ (सांधे जोडायचं सोन्याचं मिश्रण) कुठली वापरलीत? त्यांनी नेहमीच्या डबीकडे बोट दाखवलं. चूक त्यांची नव्हती. झाळीसाठीही त्यातलंच सोनं काढून ठेवायला हवं हे मलाच सुचलं नव्हतं. दोन झुमक्यांत मिळून चिमूटभर झाळ, पण आता हे सगळं सोनं एका खाणीचं आहे असं लिहून देता येईना. मी बिलावर तसं लिहिलं नाही, आणि का लिहिलं नाही ते बाईंना सांगितलं. त्यांनी झुमके घेतले. फोटोखाली मात्र 'एका खाणीचं सोनं' असं छापून आलं ते आलंच.

2024 मध्ये अभिनेत्री छाया कदम आईची साडी नेसून, आईची नथ घालून कानला उभ्या राहिल्या, तो फोटो मी कापून टेबलापुढे लावलाय. त्या नथीतलं सोनं कुठल्या खाणीतलं, कुणालाच सांगता यायचं नाही. कुणाच्या नाकातलं, ते मात्र पक्कं. तुम्ही मला विचारता तो माग हा नव्हे, हे कळतं मला. तरी तुम्ही आजीचा डाग मोडून 'जबाबदार' सोन्याचा नवा करायला आणता तेव्हा मी आधी तो फोटो दाखवते. निम्मे लोक डाग परत घेऊन जातात. धंद्याला बरं नाही.

झुमक्यांचं प्रकरण बाबांना फोनवर सांगितलं. झाळीबद्दल ते काहीच बोलले नाहीत. एवढंच विचारलं, "कीस वेगळा ठेवलास का?"

ठेवला होता. कानशीखालचा, पाटावरचा, ब्रशने गोळा केलेला सोन्याचा भुगा. सोनाराच्या कचऱ्यातून सोनं काढणाऱ्या झारेकऱ्याला दिला नाही. सव्वा ग्रॅम भरला. पत्र्याच्या डबीत, कोलंबियाच्या कागदाची घडी घालून, माझ्या खणात आहे. त्यात झाळीचे कण किती असतील ते सांगता येत नाही, म्हणून अजून कशातच घातलेला नाही.