रोटरी इंजिनाला किती ऑक्टेनचं पेट्रोल? माझा अनुभव

माझदा आरएक्स-८ या माझ्या रोटरी इंजिनाच्या गाडीच्या अमेरिकन मॅन्युअलमध्ये पेट्रोलबद्दल दोन सूचना आहेत. पहिली म्हणते, ९१ किंवा त्यावरच्या ऑक्टेनचं प्रीमियम वापरा. दुसरी म्हणते, ८७ ते ९० चं रेग्युलरही चालेल, फक्त ताकद थोडी कमी होईल आणि थोडं नॉकिंग, म्हणजे इंधन आपोआप पेटून इंजिनात होणारी ठकठक, होऊ शकेल. दोन्ही वाचल्यावरही पंपावर काय सांगायचं ते कळत नाही. त्यातून मी राहतो न्यू जर्सीत. इथे १९४९ पासून कायद्याने पेट्रोल स्वतः भरता येत नाही. पंपावरचा माणूस खिडकीशी येतो, ‘रेग्युलर की प्रीमियम?’ विचारतो आणि मागे गाड्या उभ्या असतात. त्याला उत्तर द्यायला मला बरेच महिने लागले, पण आता ते ठरलं आहे. कसं ठरलं ते सविस्तर लिहितो, कारण रोटरीवाल्यांमध्ये या प्रश्नावर जेवढी ठाम मतं आहेत तेवढी मोजमापं नाहीत.

आपल्याकडे माझदा म्हटलं की स्वराज माझदाची मिनीबस डोळ्यांपुढे येते. पण याच कंपनीने १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट ही दोन रोटरची गाडी रस्त्यावर आणली आणि १९९१ मध्ये चार रोटरच्या ७८७बी ने ल माँची २४ तासांची शर्यत जिंकली. आरएक्स-८ ही त्याच घराण्यातली. तिचं उत्पादन २०१२ पर्यंत चाललं. माझी २००५ ची, सहा गिअरची मॅन्युअल, सेकंड हँड घेतलेली. इंजिन फक्त १३०८ सीसीचं. पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही. फुगीर त्रिकोणासारखे दोन रोटर आपापल्या घरात फिरतात. टॅकोमीटरची, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे (आरपीएम) दाखवणाऱ्या तबकडीची, लाल रेघ ९,००० ला. त्या रेघेकडे जाताना हे इंजिन जसं मोकळं होत जातं, तसं मी दुसऱ्या कुठल्याच गाडीत अनुभवलेलं नाही. शहरात लिटरला सात किलोमीटरही जेमतेम देते, ते मला मान्य आहे.

आधी ऑक्टेनचा अर्थ नीट समजून घेतला. हा पेट्रोलच्या ताकदीचा आकडा नाही. रेग्युलर आणि प्रीमियममध्ये लिटरमागे ऊर्जा जवळजवळ सारखीच असते. दाब आणि उष्णता वाढत असताना इंधन आपणहून पेट न घेता ज्वाळा पोहोचेपर्यंत किती तग धरतं, ते ऑक्टेन सांगतं. आयसो-ऑक्टेनला १०० धरतात, एन-हेप्टेनला शून्य. या दोघांच्या ९१-९ मिश्रणासारखं जे पेट्रोल वागतं, ते ९१ चं. ही परीक्षा एका सिलिंडरच्या, कॉम्प्रेशन (आतलं मिश्रण किती दाबलं जातं ते) बदलता येणाऱ्या इंजिनावर होते आणि तिच्या दोन पद्धती आहेत. ‘रिसर्च’ पद्धतीत इंजिन ६०० आरपीएमवर चालवतात. ‘मोटर’ पद्धतीत ९०० वर, आणि हवा-पेट्रोलचं मिश्रण बरंच तापवून, त्यामुळे तिचा आकडा कमी येतो. भारत, युरोप, जपान, ऑस्ट्रेलिया इथल्या पंपांवर रिसर्चचा आकडा असतो. अमेरिकेत दोन्हींची सरासरी लिहितात.

हा फरक फोनवर निघाला. पुण्याचा मेहुणा म्हणाला, “दाजी, आमच्याकडे साध्या पेट्रोललाच किमान ९१ लागतं. तुम्ही ९१ साठी प्रीमियमचे पैसे का मोजताय?” प्रश्न अगदी रास्त होता. उत्तर असं की भारतातल्या साध्या पेट्रोलचं तेव्हाचं ९१ म्हणजे अमेरिकेतलं साधारण ८७. माझ्या मॅन्युअलमधलं ९१ रिसर्च पद्धतीने ९६ होतं. ते मॅन्युअलमध्ये शेजारीच छापलेलं आहे. इंडियन ऑइलचं एक्सपी१०० पुण्यात २०२० च्या डिसेंबरपासून मिळतं, तेही रिसर्चचेच १००. परदेशातल्या कुणाचा सल्ला वाचताना हे आधी तपासावं. ‘मी ९५ घालतो’ असं इंग्लंडचा माणूस म्हणतो तेव्हा तो आमच्या ९१ च्या आसपासचं बोलत असतो.

आता रोटरीवाल्यांची मतं. जुने लोक जवळजवळ एकमुखाने सांगतात की टर्बो नसलेल्या रोटरीला ८७ पुरतं. कारण विचारलं तर बहुतेक जण म्हणतात, कमी ऑक्टेनचं पेट्रोल लवकर जळतं, म्हणून आत कार्बन कमी साचतो. हे कारण मला पटलं नाही. जळण्याचा वेग आणि आपोआप पेटण्याचा विरोध या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऑक्टेन पहिली मोजत नाही. आरएक्स-८ मधला कार्बन मुख्यतः इंजिन ऑइलमधून येतो. एपेक्स सीलना, म्हणजे रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्यांना, वंगण मिळावं म्हणून एक छोटा पंप मुद्दाम थोडं ऑइल आत सोडत असतो आणि ते पेट्रोलबरोबर जळतं. गाडी रोज दोन-चार मैलच चालली, इंजिन नीट तापलंच नाही, तर काजळी वाढते. तिथे ऑक्टेन बदलून काही साधत नाही.

पण कारण चुकीचं असलं तरी त्यांचा निष्कर्ष बराचसा बरोबर आहे, आणि त्यामागचं खरं कारण मला फार सुंदर वाटतं. साध्या इंजिनात ताजं मिश्रण त्याच खोलीत येतं जिथे नुकताच स्फोट झाला आणि जिथे एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह लालबुंद तापलेला आहे. रोटरीत मिश्रण एका बाजूला आत येतं आणि जळतं दुसऱ्या बाजूला. आत येण्याची बाजू त्यामानाने थंड राहते, आणि तापलेला व्हॉल्व्ह तर नाहीच. शिवाय जळण्याची जागा लांब, चपटी, चंद्रकोरीसारखी. भिंतींचा पृष्ठभाग मोठा असल्याने उष्णता भराभर शोषली जाते. मायलेज कमी मिळण्याचं हे एक मोठं कारण, पण त्यामुळेच न जळलेलं टोकाचं मिश्रण आपोआप पेटण्याइतकं सहसा तापत नाही. जागा एवढी लांब म्हणून प्रत्येक रोटरला दोन प्लग लागतात, लीडिंग आणि ट्रेलिंग.

तरी ‘मग घाला काहीही’ असं म्हणता येत नाही. नॉकिंग झालंच तर दाबाचा धक्का थेट एपेक्स सीलवर बसतो, आणि त्या पट्ट्या जेमतेम २ मिलिमीटर जाड. पिस्टनचं इंजिन थोडं नॉकिंग वर्षानुवर्षं सोसतं. रोटरीत सील तुटला तर तुकडा रोटरच्या घराची आतली भिंत खरवडत जातो, आणि मग इंजिन उघडण्यावाचून इलाज नाही. ऑकलंडला माझा मावसभाऊ आरएक्स-७ चालवतो, १९९० च्या दशकातली, दोन टर्बोंची. तिच्याबाबत चर्चेला जागाच नाही. टर्बो हवा दाबून आत भरतो, तापमान चढतं, रोटरीचा थंडपणा तिथे संपतो. तो कायम ९८ घालतो, तिकडे ते सहज मिळतं. ९८ नसेल तर टर्बोचा दाब चढू न देता हळू चालवत पुढच्या पंपापर्यंत जातो. त्याचा नियम माझ्या गाडीला लावायचं कारण नाही, आणि माझा त्याच्या गाडीला तर मुळीच लावू नये.

इकडे अमेरिकेत मी फक्त रोटरीचंच काम करणाऱ्या एका मेकॅनिककडे गेलो. मी पेट्रोलचं विचारलं, त्यांनी उलट विचारलं, “कॉइल कधी बदलल्या?” कॉइल म्हणजे प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग. ठिणगी कमजोर असेल तर कुठलंही पेट्रोल घाला, ते अर्धवट जळणार आणि उरलेलं कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या भागात, जाऊन पेटणार, असं त्यांचं म्हणणं. आधी कॉम्प्रेशन तपासलं. रोटरीला साधा गेज चालत नाही. प्रत्येक रोटरच्या तिन्ही बाजूंचे वेगळे आकडे देणारं खास यंत्र लागतं, आणि ते आकडे २५० आरपीएमवर आणून वाचावे लागतात. चौरस सेंटिमीटरला किमान ६.९ किलो दाब हवा. माझे सगळे त्याच्या वर होते. चार कॉइल आणि चार प्लग नवे बसवले. लीडिंग आणि ट्रेलिंग प्लग वेगवेगळे असतात, त्यांची अदलाबदल चालत नाही. गाडी एवढी सुधारली की पेट्रोलची तुलना याआधी केली असती तर तिला काही अर्थच उरला नसता. ज्यांना असा प्रयोग करायचा आहे त्यांनी हा क्रम पाळावा.

मग मोजायला लागलो. गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारं ओबीडीचं ब्लूटूथ उपकरण फोनला जोडलं की इग्निशन टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ), आत येणाऱ्या हवेचं तापमान, इंजिनावरचा लोड आणि आरपीएम दिसतं. गाडीत नॉक सेन्सर आहे. त्याला नॉकिंगची चाहूल लागली की संगणक ठिणगी उशिरा पाडतो, म्हणजे टायमिंग मागे घेतो. ऑक्टेन कमी पडत असेल तर ते कानांआधी इथे दिसायला हवं. आय-७८ महामार्गावर पश्चिमेकडे जाताना लांबलचक चढ लागतात. तिथे चौथ्या गिअरमध्ये ३,००० पासून पूर्ण पेडल, वेगाची मर्यादा येईपर्यंत. आधी ८७, टाकी जवळजवळ रिकामी होईपर्यंत, मग ९३. आमच्या भागात प्रीमियम ९३ चंच मिळतं. मधलं ८९ मी घेतलंच नाही, बहुतेक पंपांवर ते याच दोघांचं मिश्रण असतं.

हिवाळ्यात दोन्ही आलेख एकावर एक बसले. काहीही फरक नाही. जुलैत चित्र बदललं. बाहेर ३५ अंश, त्यात गाडी ट्रॅफिकमध्ये रांगून आलेली. ८७ वर ३,००० ते ४,५०० आरपीएमच्या पट्ट्यात टायमिंग दोन-तीन अंश मागे जाई, ९३ वर जात नसे. यात एक काळजी घ्यावी लागते. आत येणारी हवा तापली की संगणक पेट्रोल कुठलंही असलं तरी टायमिंग थोडं कमी करतोच. म्हणून मी हवेचं तापमान सारखं असलेल्या नोंदीच एकमेकींशी ताडून पाहिल्या. गंमत म्हणजे खालच्या गिअरमध्ये ६,००० च्या वर गेल्यावर पुन्हा फरक नाहीसा झाला. वेग वाढला की प्रत्येक जळण्याला मिळणारा वेळच इतका कमी होतो की आपोआप पेटायला सवड राहत नाही. धोका लाल रेघेजवळ नाही. धोका आहे वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवर, पाय दाबून गाडी ओढण्यात. हे मला या सगळ्या खटाटोपातलं सर्वांत कामाचं वाटलं.

चालवताना मात्र तो फरक मला जाणवला नाही, मायलेजमध्येही ठळक काही दिसलं नाही. अमेरिकन ऑटोमोबाईल असोसिएशनने २०१७ मध्ये प्रीमियमची ‘शिफारस’ असलेल्या, पण सक्ती नसलेल्या गाड्या तपासल्या होत्या; सरासरी फायदा २.७ टक्के मायलेज आणि १.४ टक्के ताकद एवढाच निघाला. माझ्याकडे प्रीमियमला टाकीमागे बारा-पंधरा डॉलर जास्त पडतात. उन्हाळ्यात ते मी सीलसाठी देतो, वेगासाठी नाही.

ऑक्टेन बूस्टरच्या बाटल्यांपासून दूर राहिलो. ‘३० पॉइंट वाढवतो’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, पण तिथे एक पॉइंट म्हणजे ऑक्टेनचा दहावा भाग, म्हणजे फार तर ८७ चे ९०. शिवाय काहींत मँगॅनीजचं संयुग असतं, त्याचा तांबूस थर प्लगवर बसतो. ज्या इंजिनाचं सगळं आयुष्य चांगल्या ठिणगीवर अवलंबून आहे, त्यात हे कशाला घालायचं?

टू-स्ट्रोकचं ऑइल मात्र मी टाकीत घालतो. याला प्रीमिक्स म्हणतात. गॅलनमागे अर्धा औंस, म्हणजे लिटरला साधारण चार मिली. ते इंजिन ऑइलपेक्षा स्वच्छ जळतं आणि सीलना पेट्रोलबरोबरच पोहोचतं. ऑइलचं स्वतःचं ऑक्टेन कमी असल्याने मिश्रणाचं किंचित खाली येतं. एवढ्या प्रमाणात ते नगण्य, पण अंदाजाने ओतत सुटणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, विशेषतः ८७ वर चालवताना, कारण त्याच्या खाली जायला मॅन्युअलची परवानगी नाही. मी मोजपात्र डिकीतच ठेवतो आणि ऑइल आधी टाकतो, मग पेट्रोल, म्हणजे ते आपोआप ढवळलं जातं. पंपावरचे लोक आता ओळखतात. माझं ऑइल ओतून होईपर्यंत थांबतात.

तर सध्याचं असं. मे ते सप्टेंबर ९३. ऑक्टोबरपासून ८७, आणि हिवाळ्यात कधी लांबचा डोंगराळ प्रवास किंवा गाडीत चौघं आणि सामान असेल तर त्या टाकीपुरतं ९३. दोन्ही वेळा पंप असा निवडतो जिथे ‘टॉप टियर’ या पेट्रोलच्या दर्जाच्या योजनेचं चिन्ह आहे, कारण त्या योजनेत साफसफाईचं रसायन रेग्युलरमध्येही प्रीमियमइतक्याच कसोटीचं लागतं. चढावर पाचव्या-सहाव्या गिअरमध्ये ओढत बसत नाही, एक गिअर खाली घेतो.

आणि कुणी आरएक्स-८ घेऊन डेन्व्हरकडे जाणार असेल तर पंपावरचं बटण नीट पाहा. उंचीवर हवा विरळ म्हणून कोलोरॅडोत रेग्युलर ८५ चं विकतात. तिथे ८७ हवं असेल तर मधलं बटण दाबावं लागतं, आणि डोंगर उतरून मैदानात यायच्या आधी टाकीत ८५ नाही ना, याची खात्री करावी.