नंदाखालचा रविवार : वसईतील एका धर्मग्रामाचा आठवडा

पश्चिम रेल्वेने विरारला उतरणाऱ्या बहुतेकांची वाट स्थानकाभोवतीच्या उंच इमारतींतच संपते. पश्चिमेकडून आगाशी-अर्नाळ्याच्या रस्त्याने आणखी थोडे पुढे गेले, की केळीच्या बागा, पानवेलींचे मांडव आणि सोनचाफ्याची झाडे असलेल्या वाड्या सुरू होतात आणि त्यांच्या तोंडाशी पांढरे क्रूस दिसू लागतात. याच पट्ट्यात नंदाखाल आहे. येथील कॅथलिक समाज मराठी आहे. त्याची प्रार्थना मराठीत होते, शेती मराठी गावकऱ्याची आहे आणि घरात सामवेदी बोली, म्हणजेच कादोडी, बोलली जाते. तरीही आपल्यापैकी अनेकांना वसई ठाऊक असते ती किल्ल्यामुळे आणि चिमाजीअप्पांमुळे. नंदाखालच्या धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या कक्षेतील कॅथलिक समाजात, माझ्या एका सहकाऱ्याचे आईवडील राहतात. रविवारच्या उपासनेसाठी काकाकाकू मला आपल्याबरोबर नेण्यास आनंदाने तयार झाले, पण त्यांनी एक अट घातली : यायचे ते शनिवारी दुपारी. रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य सामूहिक उपासना, शनिवारीच सुरू होते, असे काकांचे म्हणणे होते, आणि ते किती खरे आहे हे मला त्याच संध्याकाळी कळले.

जुलै २०२५ मधला तो पावसाळी शनिवार होता आणि शेतांत भाताची आवणी चालू होती. येथील पवित्र आत्म्याचे चर्च १५७३ सालचे आहे. गुजरातच्या सुलतानाकडून १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगिजांकडे आली, तेव्हापासून पुढील काही दशकांत या पट्टीत गावोगावी चर्चे उभी राहिली; सांडोरचे चर्च १५६६ चे, म्हणजे नंदाखालच्याही आधीचे. १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई जिंकली आणि पोर्तुगीज निघून गेले, पण गावकऱ्यांची उपासना थांबली नाही. हा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो, कारण ज्या श्रद्धेला राज्यकर्त्यांचा आधार उरला नाही, ती पुढे पावणेतीनशेहून अधिक वर्षे शेतकऱ्यांच्या आणि बागाइतदारांच्या घरांनी टिकवली आहे. हा सगळा भाग पूर्वी मुंबई महाधर्मप्रांतात होता. १९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि पापडीचे चर्च त्याचे कॅथेड्रल, म्हणजे धर्माध्यक्षांचे (बिशपांचे) मुख्य चर्च, ठरले.

शनिवारी संध्याकाळी चर्चच्या आवारात जाऊन पाहिले, तर प्रत्येक कोपऱ्यात काही ना काही चालले होते. धर्मग्रामाचे छोटे छोटे ख्रिस्ती समूह असतात, साधारणपणे एकेका आळीचा किंवा वाडीचा एक, आणि रविवारच्या तयारीचे काम या समूहांकडे पाळीपाळीने येते. त्या आठवड्याची पाळी काकूंच्या समूहाची होती. दोन बायका वेदीवरची फुले लावत होत्या आणि त्यांतली बहुतेक फुले त्यांच्याच वाडीतून आलेली होती. गायकवृंदाचा सराव चालू होता. पेटी आणि तबल्याच्या साथीने प्रवेशगीताचे दुसरे कडवे पुन्हा पुन्हा म्हटले जात होते, कारण तरुण आवाज आणि ज्येष्ठ आवाज समेवर एकत्र येत नव्हते. वेदीसेवक मुलांना कोणी कोठे उभे राहायचे, घंटा केव्हा वाजवायची, हे एक मोठा मुलगा गंभीर चेहऱ्याने समजावून सांगत होता.

काकूंकडे दुसरे वाचन होते. कॅथलिक चर्चमध्ये रविवारची बायबलमधील वाचने तीन वर्षांच्या चक्राने ठरलेली असतात आणि जगभर त्या रविवारी तीच वाचने होतात. सामान्य काळातील, म्हणजे मोठ्या सणांचे काळ सोडून उरलेल्या दिवसांतील, त्या पंधराव्या रविवारसाठी बायबलच्या नव्या करारातील पौलाच्या कलस्सैकरांस पत्रातील ख्रिस्ताविषयीचा उतारा होता. हा उतारा अवघड आहे. त्यात एका विधानातून दुसरे विधान निघत जाते आणि वाचणाऱ्याचा श्वास चुकला तर ऐकणाऱ्याला अर्थ लागत नाही. रात्री भाकऱ्या करताना काकूंनी तो कागद ओट्याजवळ टेकवून ठेवला होता. कोठे थांबायचे, कोणत्या शब्दावर भर द्यायचा, हे त्या मोठ्याने म्हणून पाहत होत्या आणि काका बाहेरच्या खोलीतून, “पुन्हा म्हणा, शेवट ऐकू आला नाही,” असे सांगत होते. शेतात राबून आलेली एक स्त्री पौलाच्या तत्त्वचिंतनाशी अशी झटत होती, ते ऐकताना मराठी गद्याचा इतका मनापासून झालेला अभ्यास मी फार थोड्या ठिकाणी पाहिला आहे, याची जाणीव झाली.

रविवारी सकाळी पाऊस असूनही चर्च भरले होते. काही वृद्ध स्त्रिया लाल लुगड्यात आल्या होत्या. सामवेदी ख्रिस्ती स्त्रियांची ती जुनी ओळख. तरुण मुलींमध्ये हा वेष आता सणासमारंभांपुरताच राहिला आहे. धर्मगुरूंच्या अंगावर सामान्य काळाचा हिरवा झगा होता. पुनरुत्थानाच्या सणाआधीच्या प्रायश्चित्तकाळात आणि नाताळाआधीच्या आगमनकाळात तो जांभळा असतो, नाताळला आणि पुनरुत्थानाच्या सणाला पांढरा, आणि पेंटेकॉस्टला, म्हणजे पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या, या चर्चच्या स्वतःच्या सणाला, लाल.

मिस्सेचा क्रम मी काकांच्या शेजारी बसून अनुभवला. आरंभी पापांची कबुली, मग वाचने, शुभवर्तमान, प्रवचन, श्रद्धेचा अंगीकार, लोकांच्या प्रार्थना, अर्पण आणि शेवटी ख्रिस्तप्रसाद, म्हणजे ख्रिस्ताचे शरीर मानून घेतली जाणारी भाकर. काकांनी बालपणी लॅटिन मिस्सा पाहिलेली आहे. तेव्हा धर्मगुरू वेदीकडे तोंड करून उभे असत, लोक आपापली जपमाळ म्हणत बसत आणि घंटा वाजली की गुडघे टेकत. जगभरच्या कॅथलिक धर्माध्यक्षांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत केला, त्यानंतर लोकभाषांना वेदीवर जागा मिळाली आणि वसईत मिस्सा मराठीत होऊ लागली. त्या दिवशीचे पहिले वाचन बायबलच्या जुन्या करारातील ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातील होते : देवाची आज्ञा आकाशात नाही, समुद्रापलीकडे नाही, ती तुझ्या अगदी जवळ, तुझ्या मुखात आणि मनात आहे. लॅटिन काळ पाहिलेल्या माणसाच्या शेजारी बसून हे शब्द मराठीत ऐकताना त्यांचे वजन वाढले.

शुभवर्तमान लूकचे होते, चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्याचे. वाटमारीत घायाळ झालेल्या माणसाला याजक आणि लेवी, म्हणजे मंदिराचा सेवक, ओलांडून जातात आणि ज्याला परका व तुच्छ मानले जाते तो शोमरोनी त्याच्या जखमा बांधतो. “माझा शेजारी कोण?” या प्रश्नाला येशूने दिलेले हे उत्तर आहे. प्रवचन फार लांबले नाही. यरुशलेमहून यरीहोला जाणारा रस्ता आज आपल्या गावातून जातो, एवढेच फादरांनी सांगितले आणि गावातील कोणत्या वाटेने जाताना आपण मान फिरवतो, हे ज्याने त्याने शोधावे, असे म्हणून ते थांबले.

लोकांच्या प्रार्थना त्या समूहाने स्वतः लिहिल्या होत्या. जगातील शांतीसाठी आणि धर्माध्यक्षांसाठी प्रार्थना झाली, तशीच आवणी सुखरूप पार पडावी म्हणून आणि रुग्णालयात असलेल्या एका शेजाऱ्यासाठीही झाली. प्रत्येकीनंतर साऱ्या चर्चने एका आवाजात प्रतिसाद दिला. शांतीचे अभिवादन करताना लोक एकमेकांकडे वळून हात जोडतात. माझ्या पुढच्या आणि मागच्या ओळीतील अनोळखी माणसांनी मला हात जोडले आणि मीही जोडले. ख्रिस्तप्रसाद बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांसाठीच असतो, हे काकांनी आदल्या रात्रीच सांगून ठेवले होते. त्या वेळी मी जागेवरच बसून राहिलो.

मिस्सेच्या शेवटी सूचना वाचल्या जातात. पाहुण्याला हा भाग कंटाळवाणा वाटू शकतो, पण मला त्यात धर्मग्रामाचा सारा संसार दिसला. कोणाचे लग्न ठरले आहे, ते नावानिशी जाहीर होते, म्हणजे कोणाला काही अडथळा ठाऊक असल्यास त्याने तो सांगावा. दफनभूमीतील गवत काढायला कोणत्या समूहाने यायचे, शिष्यवृत्तीचे अर्ज कोठे मिळतील, पुढच्या आठवड्यातील कोणती मिस्सा कोणाच्या मृत आप्तासाठी अर्पण होणार आहे, हे सगळे तेथे सांगितले जाते. जन्म, लग्न आणि मरण यांच्या नोंदी धर्मग्रामाच्या वह्यांत होतात, आणि त्या वह्यांमागे एकमेकांची विचारपूस करणारी हीच माणसे आहेत.

बाहेर आवारात येताच प्रार्थनेची प्रमाण मराठी मागे राहिली आणि चोहीकडे कादोडी सुरू झाली. मुले धर्मशिक्षणाच्या वर्गांकडे पळाली. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे सभासद एका बाजूला हिशेब लिहीत होते; १८३३ मध्ये पॅरिसमध्ये सुरू झालेली ही संस्था येथे गरजू घरांचे रेशन, औषधे आणि शाळेची फी पाहते, आणि मदत घेणाऱ्याचे नाव बाहेर फुटू देत नाही. एका आजींनी मला सुकेळी हातावर ठेवली. सुकेळी म्हणजे राजेळी केळी सोलून उन्हात वाळवून केलेला येथील खास मेवा. पावसात ती करता येत नाही, म्हणून उन्हाळ्यात केलेली डब्यात जपून ठेवलेली होती.

आवारातील बोलण्यात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे नाव साहजिकच निघाले. ते नंदाखालचेच. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले, त्याला लवकरच वर्ष होणार होते. उस्मानाबादच्या २०२० मधील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. येथील लोक त्यांना ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक म्हणून आणि त्याहूनही अधिक हरित वसईच्या लढ्यासाठी आठवतात. १९८० च्या दशकाच्या अखेरीस जमिनी बिल्डरांकडे जाऊ लागल्या आणि टँकरसाठी विहिरींतून बेसुमार पाणी उपसले जाऊ लागले, तेव्हा त्यांनी सर्व धर्मांच्या वसईकरांना एकत्र करून आवाज उठवला. उपासनेत ज्या भूमीच्या पिकासाठी प्रार्थना करायची, ती भूमी वाचवण्याचे काम उपासनेबाहेरचे कसे मानता येईल, असे मला त्या गप्पा ऐकताना वाटले.

दुपारी काका मला वसईच्या किल्ल्यात घेऊन गेले. तेथील बहुतेक चर्चे भग्न आहेत, पण संत गोन्सालो गार्सिया यांचे चर्च आजही उपासनेत आहे. वसईत जन्मलेले हे फ्रान्सिस्कन बंधू १५९७ मध्ये जपानमधील नागासाकी येथे हुतात्मा झाले आणि १८६२ मध्ये संत म्हणून जाहीर झाले. भारतात जन्मलेले ते पहिले संत. पाऊस वाढला, म्हणून आम्ही तेथून लवकर निघालो. परतीच्या वाटेवर पापडीला काकांनी बॅसीन कॅथॉलिक बँकेची इमारत दाखवली. सावकारीत अडकलेल्या शेतकऱ्यांसाठी १९१८ मध्ये उभी राहिलेली ही पतसंस्था आज मोठी सहकारी बँक आहे.

संध्याकाळी काकूंच्या समूहाची बैठक एका घराच्या ओटीवर झाली. जपमाळेचा एक भाग म्हणून झाल्यावर सकाळचेच शुभवर्तमान पुन्हा वाचले गेले आणि चर्चा सुरू झाली. एक प्रौढ गृहस्थ म्हणाले, की आपले शेजारी म्हणजे वाडीतली माणसे, आणि त्यांच्यासाठी आपण करतोच आहोत. त्यावर एका तरुण मुलीने विचारले, की मग नव्या इमारतींत भाड्याने राहायला आलेले परप्रांतीय कामगार कोण आहेत? त्या इमारतींचे सांडपाणी आमच्या वाडीत येते, अशी तक्रार लगेच दुसऱ्या बाजूने आली आणि तीही खरी होती. ती मुलगी मागे हटली नाही. सांडपाण्याचा जाब बिल्डरला आणि महापालिकेला विचारू, पण त्या खोल्यांतील आजारी माणसाचा त्यात काय दोष, असे तिने शांतपणे सांगितले. बोलणे बराच वेळ चालले आणि सर्वांचे एकमत झाले नाही. येथे एक गोष्ट मला खटकली : फुले, वाचन, स्वयंपाक, आजाऱ्यांच्या भेटी, ही बहुतेक कामे स्त्रिया करतात, पण बैठकीत पहिला आणि शेवटचा शब्द पुरुषांचा असतो. त्या संध्याकाळी ते थोडे बदलले याचे मला समाधान वाटले.

शेवटी ठराव झाले. रुग्णालयातील शेजारी घरी येत होते आणि त्यांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यायचे होते. रिक्षा असलेल्या दोघांनी वार वाटून घेतले. इमारतीतील कुटुंबांची विचारपूस करायला ती मुलगी आणि काकू जाणार होत्या. पुढच्या रविवारची पाळी दुसऱ्या समूहाची होती, तेव्हा वाचनांची पुस्तिका त्यांच्याकडे पोहोचवण्याचे काम काकांकडे आले.

ज्यांना जायचे असेल त्यांनी विरार पश्चिमेहून आगाशी-अर्नाळ्याकडे जाणारी बस किंवा शेअर रिक्षा घ्यावी. मिस्सेच्या वेळा सणांप्रमाणे बदलतात, म्हणून आधी विचारून घ्याव्यात. उपासना चालू असताना छायाचित्रे काढू नयेत. मागच्या बाकावर जागा मिळते, लोक उभे राहिले की उभे राहावे, बसले की बसावे, आणि मिस्सा संपली की लगेच निघू नये. सूचना ऐकाव्यात आणि आवारात थांबावे.