खरं विमान असंच उडायचं का? (तुम्ही विचारलंत म्हणून)

फ्लाइटगिअर या फुकट मिळणाऱ्या सिम्युलेटरमध्ये मी एक जुनं जर्मन जेट बनवलंय, व्हीजे १०१ सी, जे जागच्या जागी सरळ वर उठतं. ज्याला दाखवावं तो दोन मिनिटं बघतो आणि विचारतो, "भारी आहे, पण खरं विमान असंच उडायचं का?" मी "बऱ्यापैकी" म्हणून वेळ मारून नेतो, कारण नीट सांगायला घेतलं की समोरचा चहा संपवून उठतो. इथे उठून जायची सोय नाही म्हणून सांगतोच.

थोडी पार्श्वभूमी. युद्ध पेटलं तर पहिल्या काही तासांतच धावपट्ट्या उडवल्या जातील ही पश्चिम जर्मनीची भीती, त्यामुळे स्टारफायटर या तेव्हाच्या लढाऊ जेटच्या जागी धावपट्टी न लागणारं आणि तरीही आवाजाच्या दुप्पट वेगाने जाणारं फायटर हवं, असा तो हट्ट होता. हाइंकेल, मेसरश्मिट आणि ब्योल्को असे तिघे त्यासाठी एकत्र आले. त्यांनी रोल्स-रॉइसची सहा छोटी आरबी १४५ इंजिनं लावली: पंखांच्या दोन्ही टोकांना फिरणाऱ्या पॉडमध्ये (इंजिनांच्या डब्यात) दोन-दोन, आणि कॉकपिटच्या मागे दोन उभी, फक्त वर उचलण्यापुरती. १० एप्रिल १९६३ ला ते पहिल्यांदा मोकळं हवेत उभं राहिलं आणि २० सप्टेंबरला हॉवरमधून, म्हणजे हवेत जागच्या जागी उभं असताना, सरळ उड्डाणात गेलं. पायलट होता जॉर्ज ब्राइट, अमेरिकन.

सिममध्ये आकार काढणं हा भाग लोकांना अवघड वाटतो, पण खरं तर ते सगळ्यात सोपं काम, त्याबद्दल बोलतच नाही. मला मजा आली ती वजनाचा मध्य शोधताना. प्रत्येक इंजिनाचा थ्रस्ट, म्हणजे जोर, साधारण १२.२ किलोन्यूटन, म्हणजे टोकांच्या चारांचा मिळून ४८.८ आणि पुढच्या, म्हणजे कॉकपिटमागच्या, दोघांचा २४.४, बरोबर निम्मा. ही चक्क एक तिपाई आहे, आणि सगळी इंजिनं सारखीच जोर लावत असतील तर विमान सपाट राहायला वजनाचा मध्य पॉडपासून पुढच्या इंजिनांच्या दिशेने एक तृतीयांश अंतरावर यायलाच हवा, दुसरी जागाच नाही. म्हणजे नुसती बाजूची आकृती समोर घेऊन पट्टीने मोजलं तरी काम होतं. एकूण थ्रस्ट ७३ च्या आसपास आणि एक्स-वन नावाच्या पहिल्या विमानाचं वजन सहा टन धरलं, तर नुसतं हवेत उभं राहायलाच ८० टक्के ताकद जाते, आणि वर चढणं, तोल सांभाळणं, वाऱ्याशी भांडणं हे सगळं उरलेल्या २० मध्ये.

आता तोलाची गोष्ट, आणि हीच खरी गोष्ट आहे. गोव्याचे मित्र लगेच हॅरियर, म्हणजे असंच सरळ वर उठणारं दुसरं जेट, काढतात, कारण नौदलाची सी हॅरियर २०१६ पर्यंत दाभोळीलाच होती आणि त्यांनी ती डोक्यावरून जाताना पाहिलीत. पण हॅरियर हॉवरमध्ये तोल सांभाळतं ते इंजिनातून काढलेली दाबाची हवा नाक, शेपूट आणि पंखांच्या टोकांवरून फुंकून. या जर्मन विमानात तसलं काहीच नाही. डावीकडे झुकलं तर डाव्या टोकाच्या इंजिनांचा थ्रस्ट वाढवायचा आणि उजव्या टोकाचा कमी करायचा, नाक वर-खाली करायला पुढची दोन विरुद्ध मागची चार, आणि नाक डावी-उजवीकडे वळवायला एक पॉड किंचित पुढे नि दुसरा किंचित मागे कलवायचा. बस्स. कागदावर इतकं सुंदर दिसतं की वाटतं सगळ्यांनी असंच का नाही केलं.

का नाही केलं ते जेट इंजिनाच्या स्वभावात आहे. थ्रॉटल ढकललं की थ्रस्ट लगेच येत नाही, आतलं चक्र वेग घेईपर्यंत वाट बघावी लागते. मी सुरुवातीला जेएसबीसिममध्ये (फ्लाइटगिअरचं गणित करणारा भाग) सहा नुसते फोर्स लावले होते, आकडा बदलला की त्याच क्षणी जोर बदलतो असे, आणि विमान इतकं गुळगुळीत उडत होतं की माझ्या भाचीने पहिल्याच फटक्यात उतरवलं. पण ते खोटं होतं. मग ते सहाही फोर्स काढून खरी टर्बाइन मॉडेल्स बसवली, आणि स्टिकवर हात ठेवला की डावीकडे झुकतंय, मी सावरतोय, सावरलेलं उशिरा पोचतंय, तोवर ते उजवीकडे निघालंय, मी उलटं सावरतोय, असं करत करत झोका वाढतच जातो आणि शेवटी पाठीवर.

मग जर्मनांनी केलं तेच केलं. त्यांनी विमानाच्या आधी एक उघडी चौकट बनवली होती, तीन आरबी १०८ इंजिनं त्याच त्रिकोणात उभी लावून, आणि तोल सांभाळणारी यंत्रणा त्यावर घासून घेतली होती. मीसुद्धा पंख, शेपूट, हवेचं सगळं गणित काढून टाकलं, फक्त वजन आणि तीन जागचा जोर ठेवला, आणि रोलचा (डावी-उजवीकडे झुकण्याचा) वेग वाचून त्याला एका आकड्याने गुणायचं नि ते दोन्ही टोकांच्या थ्रॉटलमध्ये अधिक-वजा करायचं, एवढी एकच कडी बसवली. आकडा लहान ठेवला तर काही उपयोग नाही, मोठा केला तर विमान थरथरतं, मधली पट्टी अगदी अरुंद. ती सापडली की मात्र हात सोडूनसुद्धा उभं राहतं.

त्या आकड्यामागचं चिन्ह मी एकदा मुद्दाम उलटं करून पाहिलं. १४ सप्टेंबर १९६४ ला एक्स-वन पडलं ते यामुळेच, ऑटोपायलटमधला रोलचा जायरो (झुकण्याचा वेग मोजणारं यंत्र) उलट्या ध्रुवतेने बसला होता, म्हणजे यंत्रणा सावरायच्या ऐवजी अजून ढकलत होती. ब्राइटने सीटसकट बाहेर उडी मारली आणि वाचला. माझ्या फाइलमध्ये फरक फक्त एका वजा चिन्हाचा. मला पुढे काय होणार हे माहीत होतं, हात तयार होता, तरी काही करायच्या आत विमान उलटं झालं.

हॉवरमधून पुढे जाताना वेगळीच भानगड. पॉड ४५ अंशांवर आले की त्यांचा वर उचलणारा हिस्सा ७१ टक्क्यांवर येतो, त्यामुळे पुढची इंजिनं त्याच प्रमाणात कमी केली नाहीत तर नाक आभाळाकडे जातं, आणि कमी केली की पॉडची इंजिनं पूर्ण ताकदीवर असली तरी सहा टनांपैकी पाऊण टनाच्या आसपास भार पंखांनी उचलायला हवा. पंख केवढे, तर या टोकापासून त्या टोकापर्यंत ६.६ मीटर. म्हणून तोपर्यंत चांगला वेग आलेला असावा लागतो, पॉड घाईने फिरवून चालत नाही.

तर पुढे उडतानाचं माझं मॉडेल म्हणजे अंदाजाने भरलेली कोष्टकं आहेत, स्टारफायटरसारखं काहीतरी उडतं इतकंच म्हणेन. हॉवरवर मात्र माझा विश्वास आहे, कारण तिथे हवेचा संबंध कमी आणि वजन, अंतर, जोर नि उशीर एवढ्याचाच खेळ.

दुसरं विमान, एक्स-टू, कधी करणार असंही विचारतात. ते म्युनिकच्या डॉयचेस म्युझियमच्या संग्रहात आहे आणि त्याच्या टोकांच्या इंजिनांना आफ्टरबर्नर (झोतात आणखी इंधन जाळून जोर वाढवणारे) होते. फाइलमध्ये आफ्टरबर्नर लावणं दहा मिनिटांचं काम. पण जमिनीवर आपटून वर येणारा तो गरम झोत इंजिनाने परत आत ओढला की थ्रस्ट घसरतो, आणि ते गणित बसवल्याशिवाय एक्स-टू केलं तर ते पुन्हा भाचीने उतरवलेल्या त्या पहिल्या विमानासारखंच होईल, म्हणून सध्या ते अडकलंय.