बेन्झाल्डिहाइडची निगा आणि बदाम-चेरी अकॉर्ड: कामाची नोंद

बदाम-चेरीचा अकॉर्ड, म्हणजे अनेक द्रव्यं मिसळून बांधलेला एक वास, आता इतरांपुढे मांडण्याइतका जमला आहे, तेव्हा सूत्र खाली देतेच. पण या खेपेला जास्त लिहायचं आहे ते बेन्झाल्डिहाइडबद्दल. बदामी वासाचा कणा म्हणजे हेच द्रव्य. अत्तरं बनवणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांच्या कपाटात त्याची बाटली असतेच आणि सहज मिळतं म्हणून तिच्याकडे फारसं कोणी बघत नाही. माझं मत आता पक्कं झालं आहे: अकॉर्ड चांगला उतरणं आणि काम सुरक्षित होणं, दोन्ही एकाच गोष्टीवर ठरतं. ती म्हणजे या द्रव्याला तुम्ही हवेपासून किती जपता.

दोन बाटल्या शेजारी ठेवून तपासल्या. एक नुकतीच उघडलेली, दुसरी बरेच महिने वापरातली आणि निम्म्याहून रिकामी. नव्या बाटलीतला द्रव पाण्यासारखा स्वच्छ, वास टोकदार: कडू बदाम, चेरीची बी, मागे थोडा मार्झिपानचा गोडवा. जुन्या बाटलीच्या झाकणाच्या आट्यांत मात्र पांढरे कण साचलेले. भिंगाखाली ते पातळ, चकचकीत पापुद्रे दिसतात. हे बेन्झोइक ॲसिड. वास अजून बदामाचाच, पण वरची धार बोथट झालेली.

डोळ्यांनी खात्री पटावी म्हणून एक साधी चाचणी केली. काचेच्या नळीत खाण्याच्या सोड्याचं पातळ द्रावण घ्यायचं आणि त्यात थोडे थेंब सोडायचे. बेन्झाल्डिहाइडची घनता १.०४ च्या आसपास असते, म्हणून थेंब तरंगत नाहीत, सावकाश तळाला जाऊन बसतात. नळी हलकेच हलवली की जुन्या द्रव्याच्या थेंबांभोवती बारीक बुडबुडे उठायला लागतात, नव्याचे थेंब शांत राहतात. ॲसिड सोड्याशी भिडून कार्बन डायऑक्साइड सुटतो, तेच हे बुडबुडे. नळीला बूच लावू नका, वायूला वाट हवी.

रसायन असं आहे. बेन्झाल्डिहाइड हवेतला ऑक्सिजन आपण होऊन ओढून घेतं. आधी परबेन्झोइक ॲसिड तयार होतं, ते आणखी एका बेन्झाल्डिहाइड रेणूला गाठतं आणि दोघांचं मिळून बेन्झोइक ॲसिडचे दोन रेणू होतात. ही मुक्त मूलकांची (जोडीविना इलेक्ट्रॉन असलेल्या, चटकन क्रिया करणाऱ्या कणांची) साखळी असते. प्रकाश पडला किंवा धातूचा अंश मिसळला की ती जोरात धावते. निम्मी रिकामी बाटली म्हणूनच वाईट: द्रव कमी, हवा जास्त, आणि दर वेळी झाकण उघडलं की नवी हवा आत. गाळून काही साधत नाही, कारण स्फटिक दिसायला लागण्याआधीच बरंच ॲसिड द्रवात विरघळलेलं असतं. प्रयोगशाळेत सोडियम कार्बोनेटनं धुऊन, सुकवून, कमी दाबाखाली ऊर्ध्वपातन करतात. घरी हे करू नये, ठामपणे सांगते. कारण आगीच्या मुद्द्यात येईलच.

यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. बेन्झाइल अल्कोहोलचं ऑक्सिडेशन करून बेन्झाल्डिहाइड बनवताना ते हवेत असूनही पुढे ॲसिडपर्यंत फारसं जात नाही, मग तेच द्रव्य बाटलीत का बिघडतं, हे कोडं होतं. २०१४ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये उत्तर आलं: बेन्झाइल अल्कोहोल साखळीतल्या परॉक्सी मूलकांना मध्येच पकडतं आणि साखळी तोडतं. त्यासाठी दोन टक्क्यांच्या आसपास अल्कोहोलही पुरतं. बेन्झाइल अल्कोहोल आपण द्रावक म्हणून वापरतोच, त्यामुळे हा उपाय आपल्या हाताशी आहे.

साठवणुकीची माझी पद्धत आता अशी आहे. बाटली आली की त्याच दिवशी निम्मा माल दहा टक्क्यांच्या द्रावणात जातो आणि उरलेला लहान गडद काचेच्या बाटल्यांत काठोकाठ भरून थंड जागी. झाकणाला आतून टेफ्लॉनचं अस्तर. रबरी फुग्याचा ड्रॉपर बाटलीला कायमचा लावून ठेवायचा नाही, कारण वाफ रबराला खाते. पॉलिस्टायरीनचे कप आणि चमचेही बाद, ते मऊ होऊन चिकट होतात. नायट्राइलचे पातळ हातमोजे तर या द्रव्याला फार वेळ अडवत नाहीत. मोज्यावर सांडलं की मोजा लगेच बदला, ‘नंतर बघू’ नको.

द्रावक निवडताना प्रॉपिलीन ग्लायकॉल घेणाऱ्यांसाठी एक सूचना. त्यात बेन्झाल्डिहाइड हळूहळू ॲसिटल (आल्डिहाइड आणि अल्कोहोल जुळून होणारं संयुग) बनवतं. द्रावण मुरत जातं तसा तिखटपणा कमी होऊन वास गोलाई घेतो. ॲसिटल स्वतः स्वाददायी द्रव्य म्हणून वापरात आहे, त्यामुळे घाबरायचं कारण नाही, पण काट्यावर मोजलेलं प्रमाण आणि नाकाला लागणारं प्रमाण यांत फरक पडतो. मला आज मिळालेला वास पुढेही तसाच हवा असतो, म्हणून मी इथेनॉल घेते. इथेनॉलमध्येही आम्लता असेल तर हीच क्रिया होते. म्हणजे पुन्हा तेच: ॲसिड झालेला माल द्रावणात घालायचाच नाही.

आता सायनाइडचा प्रश्न, जो बदामी वासाची कुपी कोणाच्याही हाती दिली की येतोच. बेन्झाल्डिहाइडच्या रेणूत कार्बन, हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन असतो, नायट्रोजन मुळी नसतोच, मग त्यातून सायनाइड येणार कुठून? गोंधळाचं मूळ कडू बदामात आहे. त्यात ॲमिग्डालिन नावाचं संयुग असतं. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ रोबिके आणि बुत्रों-शार्लार यांनी ते १८३० मध्ये वेगळं केलं, आणि १८३७ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग व वोलर यांनी दाखवून दिलं की बी कुटून ओली केली की त्यातलं विकर ॲमिग्डालिन फोडतं आणि साखर, बेन्झाल्डिहाइड व हायड्रोजन सायनाइड अशी तिन्ही एकदम बाहेर पडतात. बेन्झाल्डिहाइडच्या प्रत्येक रेणूमागे सायनाइडचा एक रेणू. रेणुभारांवरून हिशोब मांडला तर एक ग्रॅम ॲमिग्डालिनमधून जास्तीत जास्त ५९ मिलिग्रॅमच्या आसपास हायड्रोजन सायनाइड सुटू शकतो. म्हणून कडू बदामाचं किंवा जर्दाळूच्या बियांचं तेल घरी ऊर्ध्वपातनानं काढायचा विचारही नको. बाजारात येणाऱ्या कडू बदामाच्या तेलातून सायनाइड मुद्दाम काढून टाकलेला असतो आणि तसं लिहिलेलं असतं. ते लिहिलेलं नसेल तर घेऊ नका.

म्हणजे इथे कृत्रिम माल हाच जास्त बिनघोर. तो टोल्यूइनपासून दोन वाटांनी बनतो: एक क्लोरीन लावून मग जलापघटन, दुसरी सरळ ऑक्सिडेशन. पहिल्या वाटेच्या मालात क्लोरीनयुक्त अंश राहू शकतात, म्हणून सुगंध आणि स्वादासाठी ‘क्लोरीनमुक्त’ दर्जा मागावा. ‘नैसर्गिक’ म्हणून मिळणारा बराच माल कॅसिया तेलातल्या सिनॅमाल्डिहाइडचा रेणू तोडून केलेला असतो. रेणू तोच, फक्त सोबतचे अंश निराळे. ब्लॉटरवर (वास घ्यायच्या कागदी पट्टीवर) मला नैसर्गिक मालात दालचिनीची पुसट सावली लागते आणि ती मला आवडते, पण अकॉर्डमध्ये इतर द्रव्यं आली की ती हरवते.

जुनी सूत्रं चाळणाऱ्यांनी ‘मिरबेन तेल’ हे नाव दिसलं की तिथेच थांबावं. ते नायट्रोबेन्झीन. एकोणिसाव्या शतकात साबणात बदामी वासासाठी ते सर्रास घालत. कातडीतून ते शरीरात शिरतं आणि रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद कमी करतं. वास मिळताजुळता असला तरी बेन्झाल्डिहाइडशी त्याचं काही नातं नाही, आणि आपल्या टेबलावर त्याला जागा नाही.

आग हा मुद्दा आपल्या मंडळींत कमी बोलला जातो. बेन्झाल्डिहाइडचा फ्लॅश पॉइंट (ठिणगी लागली तर वाफ पेटू शकते ते तापमान) ६३ अंश सेल्सियसच्या आसपास आहे, म्हणजे इथेनॉलपेक्षा बराच वर, आणि त्यामुळे ते निरुपद्रवी वाटतं. पण ठिणगीशिवाय पेट घेण्याचं त्याचं तापमान १९२ अंशांच्या आसपास, म्हणजे फारच खाली आहे. गरम हॉटप्लेट सहज तिथवर पोचते. शिवाय सांडलेलं पुसून कापड किंवा टिशू चुरगाळून टाकला, तर पातळ थरात पसरलेलं द्रव्य भराभर ऑक्सिजन घेतं, उष्णता आतच कोंडते आणि बोळा आपोआप पेटू शकतो. बाटलीच्या तोंडाशी स्फटिक बनवणारी क्रिया आणि कचऱ्याच्या डब्यात आग लावणारी क्रिया एकच आहे. पुसलेला टिशू मी लगेच पाण्यात बुडवते आणि ओला असतानाच झाकणाच्या धातूच्या डब्यात टाकते. सांडलेल्यावर सक्रिय कोळसा पसरू नका, त्यावर ही क्रिया आणखी जोर धरते.

आता सूत्र. एकूण १०० भाग, आणि वेगळं लिहिलेलं नाही तिथे द्रव्य दहा टक्के द्रावणात आहे असं धरा. बेन्झाल्डिहाइड ६, पॅरा-टोलिल आल्डिहाइड ४, ॲनिसाल्डिहाइड ८, हेलिओट्रोपिन २०, व्हॅनिलिन १०, कूमारिन ८, बीटा-आयोनोन ५, एक टक्क्याचं गॅमा-डेकालॅक्टोन ४, बाकी इथेनॉल. पॅरा-टोलिल आल्डिहाइडनं चेरीचा गर येतो, बेन्झाल्डिहाइडकडे तेवढा गर नाही. आयोनोन नसेल तर चेरी औषधाच्या सिरपकडे झुकते. बेन्झाल्डिहाइड वरचा सूर असल्यानं लवकर उडून जातं. त्याची आठवण हेलिओट्रोपिन आणि व्हॅनिलिन धरून ठेवतात. हेलिओट्रोपिन बऱ्याच देशांत नियंत्रित पूर्वद्रव्यांच्या यादीत आहे, तेव्हा मागवण्याआधी आपल्याकडचा नियम बघा.

मिथाइल अँथ्रानिलेट टाकून एक वेगळी तुकडी केली होती, फुलांचा स्पर्श यावा म्हणून. आल्डिहाइड आणि अमाइन (इथे मिथाइल अँथ्रानिलेट) भेटले की शिफ बेस नावाचं नवं संयुग तयार होतं आणि पाणी सुटतं. रंग पिवळसर होत जातो, बदाम मागे सरतो आणि द्राक्षासारखा जड गोडवा पुढे येतो. वास वाईट नाही, पण तो बदाम उरत नाही. ही वाट मी सोडली.

कातडीसाठी हिशोब असा: दहा टक्क्यांचे ६ भाग म्हणजे शंभरात ०.६ भाग शुद्ध बेन्झाल्डिहाइड. अकॉर्ड १५ टक्के वापरला तर तयार अत्तरात ०.०९ टक्के. इफ्राच्या (आंतरराष्ट्रीय सुगंध संघटनेच्या) मानकांत याला मर्यादा आहे आणि ती उत्पादनाच्या प्रकारानुसार बदलते, म्हणून पुरवठादाराचं ताजं प्रमाणपत्र समोर ठेवून हा आकडा त्याच्याशी ताडून बघा. युरोपीय संघाच्या २०२३ च्या नियमानं बेन्झाल्डिहाइड ॲलर्जीकारकांच्या वाढीव यादीत आलं आहे: अंगावर राहणाऱ्या उत्पादनात ०.००१ टक्क्याच्या वर असेल तर लेबलवर नाव छापावं लागतं. माझं ०.०९ त्याच्या नव्वद पट आहे. ही वापराची मर्यादा नव्हे, नाव सांगण्याची सीमा आहे. अत्तर दुसऱ्याला देताना, भेट म्हणून दिलं तरी, मी चिठ्ठीवर ते लिहिते.

स्वादाकडे वळलेल्यांसाठी थोडक्यात. खाद्य दर्जाचाच माल घ्या, प्रयोगशाळेचा नको. भाजलेल्या पदार्थांत प्रमाण साधारण १०० पीपीएमच्या आसपास असतं, म्हणजे किलोमागे ०.१ ग्रॅम, दहा टक्के द्रावणाचा एक ग्रॅम. निव्वळ द्रव्य कधीच थेट घालू नका, काट्यावर तेवढं नेमकं मोजताच येत नाही. शुद्ध स्वरूपात ते गिळल्यास अपायकारक आहे आणि डोळ्यांत गेलं तर झोंबतं. आणि खाण्यात चालतं म्हणून फुप्फुसात चालेल असं समजू नका. चेरी स्वादाच्या ई-सिगारेटींच्या वाफेत हे श्वसनमार्गाला चुरचुरवणारं द्रव्य सापडल्याचा अभ्यास २०१६ मध्ये ‘थोरॅक्स’मध्ये आला होता. तापवून वाफ ओढायच्या कुठल्याही मिश्रणात मी ते घालणार नाही, आणि कोणी सूत्र मागितलं तर देणारही नाही.

सध्या दोन तुकड्या मुरायला ठेवल्या आहेत. दोन्हींत बेन्झाल्डिहाइड एकाच बाटलीतलं, एकीत दोन टक्के बेन्झाइल अल्कोहोल, दुसरीत नाही. बाटल्या सारख्याच, वरची मोकळी जागाही सारखीच. उघडल्यावर आधी सोड्याची चाचणी, मग खुणा झाकून ब्लॉटरवर तुलना. बेन्झाइल अल्कोहोलही युरोपच्या ॲलर्जीकारक यादीत आहे, त्यामुळे फरक ठळक दिसला तरच ते कायमचं सूत्रात घेईन. तशीच जोडी कोणी लावणार असेल तर झाकणाचं अस्तर कसलं होतं तेवढं नक्की लिहून ठेवा, म्हणजे आकडे एकमेकांशी ताडता येतील.