फणसाडच्या जंगलात मुलाबाळांसह तंबूतला मुक्काम

सुट्टीच्या दिवशी काशीदच्या किनाऱ्यावर गाडी लावायला जागा मिळत नाही. त्याच किनाऱ्याच्या पाठीशी डोंगरावर पसरलेलं फणसाड अभयारण्य मात्र बहुतेकांना रस्त्यावरच्या पाटीपुरतंच माहीत असतं. आम्ही या हिवाळ्यात दोन्ही भावांची कुटुंबं, आई आणि चार मुलं अशी फौज घेऊन सुपेगावला तंबूत राहिलो. कोकणात मुलांना घेऊन जायचं असेल तर आधी जंगल करा आणि समुद्र परतीच्या वाटेवर ठेवा, असं मी आता सगळ्यांना सांगतो. समुद्र पाहिलेली मुलं जंगलात शांत बसत नाहीत. उलट्या क्रमाने दोन्ही पदरात पडतं.

हे एकेकाळचं जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं राखीव रान. राखीव होतं म्हणूनच ते टिकलं, आणि 1986 मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. ऐन, किंजळ, जांभूळ, अंजनी अशी दाट झाडी आणि त्यातून दोरखंडासारख्या लोंबणाऱ्या गारंबीच्या वेली. गारंबीची शेंग सहज हातभर, कधी त्याहूनही लांब असते. मुलांचा अर्धा तास एका पडलेल्या शेंगेपाशीच गेला. घरी न्यायचा हट्ट झालाच, पण अभयारण्यातून बीसुद्धा उचलायचं नसतं हे त्यांना निघण्याआधीच सांगून ठेवा. ऐन वेळी समजूत घालणं अवघड जातं.

मुक्काम कशासाठी, तर सकाळसाठी. दिवसा येऊन फिरून जाणाऱ्यांना शेकरू, म्हणजे झाडावरची मोठी खार, क्वचितच नीट दिसतो, कारण उन्हं चढली की त्याची हालचाल मंदावते. तांबडं फुटताना आम्ही वाटाड्याबरोबर निघालो. वाटाड्या सुपेगावचाच, जंगलात वाढलेला. त्याने मुलांना एकच गोष्ट सांगितली: "पान हलतंय तिकडं बघू नका, फांदी वाकतेय तिकडं बघा." पाचच मिनिटांत धाकट्या पुतणीने शेकरू शोधला. तांबूस-तपकिरी अंग, पोटाकडे फिकट रंग आणि फांदीवरून खाली सोडलेली झुबकेदार शेपटी. मागच्या पायांवर बसून तो पुढच्या दोन पायांत फळ धरून खात होता, आणि टरफलाचे तुकडे खाली पाचोळ्यावर पडताना टपटप ऐकू येत होते. मग एकदम पलीकडच्या झाडावर झेप. हा आपला राज्यप्राणी, आणि सगळा जन्म झाडांच्या शेंड्यांवर काढतो. म्हणून फांद्यांना फांद्या लागलेलं सलग जंगल त्याला लागतं. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने इथली कितीतरी झाडं पाडली. तेव्हाचे मोडके बुंधे वाटाड्या दाखवतो, ते मुलांना आवर्जून बघू द्या.

इथल्या पाणवठ्यांना स्थानिक लोक 'गाण' म्हणतात. चिखलगाण, फणसाडगाण अशी नावं कानावर पडतील. जवळ जाऊन गप्प बसायचं असतं. आमच्या मोठ्या मुलांना ते जमलं, लहानांना नाही. त्यामुळे पाच-सहा वर्षांखालची मुलं असतील तर दोन गट करा. एका गटाने पुढे जावं, दुसऱ्याने सोप्या वाटेवर फुलपाखरं बघावीत. गुडघे दुखणाऱ्यांनी पूर्ण वाट चालायचा अट्टहास करू नये. आई तंबूजवळच्या झाडाखाली बसली आणि तिला आमच्यापेक्षा जास्त पक्षी दिसले.

गिधाडांबद्दल इथे नक्की विचारा. पांढऱ्या पाठीची गिधाडं या पट्ट्यात टिकावीत म्हणून मेलेली गुरं त्यांच्यासाठी ठेवण्याचा उपक्रम वन खात्याने फणसाडमध्ये केला आहे. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधामुळे, ती मेलेली गुरं खाऊन देशभर गिधाडं मेली, आणि 2006 मध्ये त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. मुलांनी एवढे प्रश्न विचारले की परतताना गाडीत दुसरा विषय नव्हता.

आता व्यवहाराचं. वन खात्याची राहण्याची सोय सुपेगावला आहे. निघण्याआधी फोन करून तंबू, पाणी आणि जेवण या तिन्हींची खात्री करून घ्या. सगळ्यांची ओळखपत्रं जवळ ठेवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा कुटुंबासाठी उत्तम काळ. पहाटे गारठा असतो, तेव्हा पातळ चादरीवर भागत नाही. पूर्ण बाह्यांचे मळकट रंगाचे कपडे, बंद बूट, माणशी एक विजेरी आणि जादा सेल हवेतच. गवतातून फिरून आलात की मुलांच्या पोटऱ्या आणि कानांमागे गोचीड आहे का ते बघा. बूट घालण्यापूर्वी झटका, आणि रात्री बाथरूमला जाताना विजेरीचा झोत पायांपुढे ठेवा. या रानात बिबट्याही आहे, त्यामुळे अंधार पडल्यावर मुलं एकटी तंबूबाहेर नकोत. स्पीकर, फटाके, स्वतःची शेकोटी यातलं काही चालत नाही, आणि चालू नयेच. मोबाइलची रेंज येते-जाते, म्हणून घरच्यांना आधीच कळवून ठेवा. नेहमीची औषधं पुरेशी न्या. मोठा दवाखाना गाठायचा तर रोहा किंवा अलिबाग.

जेवण गावातल्या घरून आलं: तांदळाची भाकरी, सुकट, वालाचं बिरडं. आदल्या दिवशी सांगितलं तर माणसांच्या हिशेबाने करतात. आणि जानेवारीत गेलात तर पोपटीची, म्हणजे मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगांची, विचारणा केल्याशिवाय येऊ नका. गावातल्या अंगणात आम्ही ती पहिल्यापासून पाहिली. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ-ओवा चोळलेल्या वालाच्या शेंगा, मध्ये बटाटे, अंडी आणि केळीच्या पानात बांधलेली मसाल्याची कोंबडी. तोंडाशी पुन्हा पाला दाबून मडकं उलटं ठेवलं आणि भोवती काटक्या-पेंढा रचून पेटवला. आत पाण्याचा थेंब नाही. शिजलं की नाही ते ओळखायला पोपटी लावणाऱ्या काकूंनी तापलेल्या मडक्यावर पाणी शिंपडलं. चर्र होऊन ते क्षणात उडून गेलं, तेव्हाच मडकं बाहेर ओढलं. भांबुर्ड्याचा तो कडवट-उग्र वास शेंगांना लागतो आणि त्याच्यापुढे हॉटेलातलं काही आठवत नाही. काकूंना सामानाचे आणि कष्टाचे पैसे ठरवून, मनापासून द्या.

मुंबईहून गाडी घेऊन येणाऱ्यांनी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो बोट धरावी. गाडीसह साधारण तासाभरात पलीकडे, शिवाय मुलांना बोटीची मजा. पुढे अलिबाग, रेवदंडा, आणि कुंडलिकेच्या खाडीवरचा पूल ओलांडला की साळाव. तिथून उजवीकडचा रस्ता कोर्लई-काशीद-मुरूडचा. सुपेगावला जाताना तो सोडून रोह्याच्या दिशेने वळायचं. रेल्वेने आलात तर रोहा स्टेशनवर उतरून रिक्षा किंवा एसटी बघा. शेवटच्या एसटीची वेळ मात्र स्टँडवरच विचारून घ्या.

परतताना दुपार कोर्लईच्या किल्ल्यावर घालवा. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि पायथ्याच्या गावात पोर्तुगीजांच्या काळापासून चालत आलेली वेगळी बोली अजून बोलली जाते. काशीदला थांबलात तर मुलांना गुडघाभर पाण्यापलीकडे जाऊ देऊ नका, तिथली ओढ जोरदार आहे. रविवारी संध्याकाळच्या बोटीचं तिकीट जाण्याआधीच काढून ठेवा.